समर्थची सेवापूर्ती

हिंमतराव कामठ्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती छापून येईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नसे. धायरीची ग्रामपंचायत महापालिकेनं गिळल्यापासून त्यांच्याकडे पद असं कुठलंच उरलं नव्हतं, पण छापखानेवाला अजून त्यांना उठून खुर्ची देई. त्यामुळे आषाढातल्या एका सकाळी ते कार्डांचा गठ्ठा काखेत मारून धाकट्या भावाच्या दारात उभे राहिले, तेव्हा रंगरावांना त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कार्ड वाचल्यावर.

‘आमचे पुतणे चि. समर्थ रंगराव कामठे हे फुटबॉल क्षेत्रातील प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत असून त्यानिमित्त सेवापूर्ती समारंभ व स्नेहभोजन आयोजित केले आहे.’ खाली रविवारची तारीख, धायरी फाट्याजवळचं मंगल कार्यालय आणि ‘आहेर आणू नयेत’ अशी तंबी.

एकाच ओळीत चिरंजीवही आणि सेवानिवृत्तही असलेला गावातला हा पहिलाच माणूस असावा. समर्थचं वय चौतीस. त्याच्या वयाची गावातली पोरं अजून नोकरीत कायम व्हायची वाट बघत होती.

“पेन्शन कधीपासून सुरू, तेही छापायचं ना,” भाग्यश्री एवढंच म्हणाली आणि लॅपटॉपची बॅग उचलून खराडीला कामावर निघून गेली. कामठ्यांची ही सून लातूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा फार गोड बोलायची. दहा वर्षांत पुण्यानं आपलं काम चोख केलं होतं.

झालं होतं ते असं. मे महिन्यात केरळच्या क्लबाबरोबरचा समर्थचा करार संपला. तो घरी आला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाला, “आता बास वाटतंय.” माणूस जेवण झाल्यावर असं काहीबाही बोलतो. पण कौशल्याबाईंनी ते मोठ्या दिरांच्या कानावर घातलं, आणि हिंमतरावांच्या माहितीत निवृत्तीची एकच रीत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी निवृत्त झाले की हार, फेटा, भाषणं आणि जेवण. पुतण्या गुरुजींपेक्षा कमी होता का? भारताच्या संघातून खेळलेला गडी तो. त्याला नुसतंच वाटेला लावायचं म्हणजे गावाची अब्रू जायची. समर्थला विचारायचं मात्र राहून गेलं. गुरुजींनाही कुणी विचारत नाही म्हणा.

रंगराव म्हणाले, “चांगलं केलंस, आण्णा.” आणि जिना चढून गच्चीवर गेले. जमिनी विकून झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं तिथे राहत. त्या खोल्यांच्या पाण्याच्या टाकीला टेकून ते बराच वेळ बसले. टाकी भरून वाहायला लागली तरी त्यांना कळलं नाही. शेवटी उत्तरेश्वर नावाच्या भाडेकरूनं खालून हाक मारून मोटर बंद केली.

आता आपलं राहिलं ते राहिलंच, असं त्यांच्या मनात येत होतं. काय राहिलं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. पोरगा सोळा वर्षं फुटबॉल खेळला, आणि त्यातल्या एकाही सामन्याला बाप धडपणे हजर नव्हता.

हजर नव्हता म्हणजे, राहू दिला नव्हता. रंगरावांनी समर्थला खेळताना तीनदाच पाहिलं. पहिल्यांदा शाळेच्या अंतिम सामन्यात. समर्थनं पेनल्टी मारली ती गोलाच्या वरून थेट बाहेरच्या रस्त्यावर. दुसऱ्यांदा गोव्याला. तिथे पंचाशी हुज्जत घातल्याबद्दल त्याला अर्ध्यातून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा ते आगगाडीनं कोलकात्याला गेले, आणि सामना सुरू होऊन चहा पिण्याएवढाही वेळ झाला नव्हता तोच समोरच्या गड्यानं समर्थला असा आडवा केला की त्याच्या गुडघ्यातला सांधा तुटल्याचा आवाज आपल्याला वर ऐकू आला असं रंगरावांना आजही वाटे. इस्पितळात कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि तिथेच निकाल दिला. आईबापाची दृष्ट सगळ्यात कडक. परक्याची नजर मिठा-मोहरीनं उतरते, पण मायेच्या माणसाची आत शिरते. आणि रंगरावांचं त्या पोराकडे बघणं काही साधं नव्हतं. ते त्याच्याकडे बघू लागले की पापणीसुद्धा हलत नसे.

यात चूक काढायला जागा नव्हती, कारण ते खरंच तसं बघत. पोरगं चार वर्षांचं असताना गोठ्यातून घरापर्यंत एक लिंबू पायानं ढकलत आलं होतं, तेव्हापासून.

मग घरात रीतच पडून गेली. सामन्याच्या दिवशी कौशल्याबाई देवापुढे दिवा लावून बसायच्या, हिंमतराव टीव्हीसमोर ठरलेल्या खुर्चीत, आणि रंगरावांनी घराबाहेर पडायचं. ते बसनं कात्रजला जात आणि प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढून सर्पोद्यानात अजगरासमोर बसत. अजगर हलत नसे आणि रंगरावही. देश सामना बघत असताना देशासाठी खेळणाऱ्याचा बाप अजगर बघत होता. तिथला पहारेकरी त्यांना ओळखायला लागला. आज मोठी मॅच दिसतेय, असं तोच म्हणे. संध्याकाळचे सामने असले की सर्पोद्यान बंद, मग स्वारगेटपर्यंत जाऊन यायचं. घरून कौशल्याबाईंचा फोन आला की परतायचं. जिंकले, हरले, गोल झाला, नाही झाला, ते फोनवरच कळे. त्यानंतर गच्चीवर जाऊन समर्थचे गोल बघायला मुभा होती. झाल्या गोष्टीला दृष्ट लागत नाही.

असे रंगरावांनी लेकाचे सगळे गोल पाहिले. आधी कुणीतरी आणून दिलेल्या सीडीवर, पुढे मोबाइलवर. पुन्हा पुन्हा पाहिले. गोव्यात गेला तेव्हा पोराला मासे रुचत नव्हते आणि तिथल्या ओल्या मैदानात बॉल पायाशी राहत नव्हता, दोन्ही एकाच हंगामात जमलं. कोलकात्यात फुटबॉलवरून सख्खे भाऊ अबोला धरतात, त्या गावात धायरीच्या पोराचं नाव लोक तालात ओरडू लागले. शिलाँगच्या थंडीत खेळला, केरळच्या उकाड्यात खेळला. गुडघा दोनदा कापून शिवला आणि दोन्हीदा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी धावायला लागला. उंची बेताची, पळण्यातही त्याच्यापेक्षा चपळ पोरं होती. पण बॉल कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. सगळे बॉलकडे बघत असत तेव्हा हा तिसरीकडेच निघालेला असे आणि पोचला की बॉल तिथेच यायचा. हे रंगरावांना मोबाइलच्या वीतभर काचेवरसुद्धा दिसे, आणि ऊर भरून येई.

फक्त एक होतं. गोल होणार हे ठाऊक असताना पाहिलेले ते गोल होते.

*

रविवारी मंगल कार्यालय भरलं. आषाढात लग्नं नसल्यामुळे कार्यालयवाल्यानं स्टेज, सोफा, स्वयंपाकी सगळं दिलं होतं, आणि मागची ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरं काढायला माणूस सापडला नाही म्हणून त्यांवर हिंमतरावांनी स्वतःच्या मोठ्या फोटोचा आणि समर्थच्या लहान फोटोचा फ्लेक्स ओढला होता. भावकी आली, सोयरे आले, वॉर्डातून उभे राहू इच्छिणारे सगळे आले.

समर्थला कपडे बदलायला ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेली खोली दिली होती. कार्यक्रमाला थोडा वेळ असताना त्यानं वडिलांना आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. तो नव्या झब्ब्यात अवघडून उभा होता. रंगरावांना वाटलं, पगडी डोक्याला होत नसेल.

“आप्पा, मला फोन आलाय,” तो म्हणाला. “नवीन क्लब निघालाय. पुण्यातलाच. दुसऱ्या डिव्हिजनचा आहे, पण कोच चांगला आहे. स्ट्रायकर पाहिजे म्हणतात. एक सीझन. घरचे सामने बालेवाडीला.”

रंगरावांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

समर्थ खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बास वाटतंय असं आपण म्हणालो होतो हे खरं, पण त्या रात्री गुडघा ठणकत होता. चार दिवसांनी ठणका गेला तसं ते वाटणंही गेलं. तोपर्यंत आण्णांची कार्डं वाटून झाली होती. भाग्यश्रीला फोनचं ठाऊक आहे. ती म्हणते, तुझा गुडघा, तुझं डोकं, तू ठरव, फक्त उगाच हुतात्मा व्हायला जाऊ नकोस. आईला आडून विचारलं तर तिनं डोळ्यांत पाणी आणलं. क्लबाला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. बाहेर एवढी माणसं निरोप द्यायला जमलीत, आणि आपल्याला कळत नाहीये की आपण संपलोय की नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यानं विचारलं. “तुम्ही कधी काही बोललाच नाहीत, आप्पा. आयुष्यात एकदाही नाही.”

आता खरं तर बोलायची वेळ होती. खेळ बाबा, असं रंगरावांच्या ओठांवर आलंही. पण लगेच कोलकात्याचा तो आवाज कानात वाजला. पुण्यात सामने असले तर आपण चोरून का होईना जाणार, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. आपल्या बघायच्या हौसेपायी पोराच्या गुडघ्याचं पुन्हा काही झालं तर? आणि हौस म्हणून हो म्हणायचं तर तो सल्ला कसला, तो स्वार्थच झाला.

“तुझी आई म्हणते तसं कर,” ते म्हणाले. “लई खेळलास. बास झालं.”

समर्थनं मान हलवली. त्याचा चेहरा काही पडला नाही, पण तो जरा म्हातारा दिसायला लागला, आणि रंगरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

*

मग भाषणं झाली. लग्नाच्या लाल सोफ्यावर समर्थ आणि भाग्यश्री नवरानवरीसारखे बसले होते. समर्थच्या डोक्यावर पुणेरी पगडी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. इच्छुक उमेदवारांपैकी एकानं समर्थनं कसे एकाहून एक गोल अडवले आणि देशाची लाज राखली त्याचं रसभरीत वर्णन केलं. स्ट्रायकर गोल अडवत नाही, मारतो, हे मागून कुणीतरी सांगितल्यावर त्यानं तेही केलं असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्यानं उर्वरित आयुष्य निरोगी जावो अशा शुभेच्छा दिल्या. हिंमतरावांनी पुतण्या आता गावासाठी मोकळा झाला आहे असं सांगून वॉर्डाचा नकाशाच मांडला. भाग्यश्री जमिनीकडे बघत होती. तिच्या ओठांचा कोपरा हलत होता, म्हणजे ती मनातल्या मनात काहीतरी बोलत होती आणि ते बाहेर येत नव्हतं, हे सगळ्यांचं नशीब.

रंगराव पहिल्या रांगेत होते. त्यांचं लक्ष समर्थच्या पायांकडे होतं. भाषण चालू असताना तो उजव्या पायाचा चवडा एकसारखा हलवत होता. चार वर्षांचा होता तेव्हाही जेवायला बसला की असाच करायचा. थांबायची इच्छा नसलेला पाय होता तो. अशा पायाला आपण बास झालं म्हणून आलो.

शेवटी हिंमतरावांनी पुकारलं, आता सत्कारमूर्तींचे पिताश्री दोन शब्द बोलतील. रीत होती म्हणून पुकारलं. रंगराव बोलणार नाहीत, हात जोडतील आणि बसतील, हे सगळ्यांनीच धरलं होतं.

रंगराव स्टेजवर गेले. त्यांनी माइक हातात घेतला.

“मला भाषण येत न्हाई,” ते म्हणाले. “पर गुवाहाटीचा गोल सांगतो.”

त्यांनी सत्काराच्या टेबलावरचे नारळ पुढे ओढले. हा त्यांचा गोलकीपर, म्हणून एक नारळ टेबलाच्या टोकाला ठेवला. हे दोघं राखणारे, अंगापिंडानं आडमाप, म्हणून शेंडीवाले दोन मोठे नारळ. बॉल डाव्या अंगाला, लांब. आणि समर्थ इथे, म्हणून त्यांनी पानाच्या तबकातली एक सुपारी उचलून ठेवली. मग ते सुपारी सरकवत सांगू लागले. बॉल डावीकडं असताना ह्यो उजवीकडं निघाला. सगळ्यांना वाटलं, चुकला. ह्या मोठ्या गड्यानंबी सोडून दिला त्याला, जातोय तर जाऊ दे म्हणून. मग ह्यो थांबला. धावता धावता थांबला. आख्खं मैदान पळतंय आन् ह्यो उभा. आन् तेवढ्यात बॉल आला, तो ह्याच्याचकडं आला, कारण सगळे पळून गेल्यामुळं तेवढीच जागा रिकामी पडली व्हती. त्यानं जोरात मारला न्हाई. नुसता वळवला, आपण दार लोटतो तसा.

सुपारी दोन नारळांच्या मधून गेली आणि टेबलावरून खाली पडली. ज्यांनी तो गोल टीव्हीवर बघितला होता त्यांनाही तो आत्ता समजला होता. समर्थ सोफ्यावरून पुढे झुकला होता. गोल मारणारा तोच, पण आपण थांबलो होतो हे आणखी कुणाच्या ध्यानात आल्याचं त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

“ह्यो गोल झाला तवा मी कात्रजला सापापुढं बसलो व्हतो,” रंगराव म्हणाले. “घरी येऊन बघितला. सगळे तसेच बघितले. गोल व्हणार ते ठावं असताना. माझ्या लेकराला मला एकदा, काय व्हणार ते ठावं नसताना खेळताना बघायचंय. मघाशी त्यानं मला इचारलं, अजून एक वरीस खेळू का. मी न्हाई म्हणलो. खोटं बोललो मी. खेळ, समर्थ.”

त्यांनी माइक नारळांच्या शेजारी ठेवून दिला.

हिंमतराव लगबगीनं पुढे आले. माइकवर हात धरून ते भावाला हळूच म्हणाले, “रंगा, आरं सैपाक झालाय.”

त्यांचंही काही चुकत नव्हतं. एवढी माणसं, एवढा फ्लेक्स, आणि सत्कारमूर्तीच निवृत्त होत नाही म्हणजे काय? त्यांनी मदतीसाठी सुनेकडे पाहिलं. भाग्यश्री उठली, सासऱ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी बाबांच्या बाजूनं आहे.” लग्नापासून आजवर तिनं कामठ्यांच्या कुठल्याही भांडणात बाजू घेतली नव्हती. त्यामुळे हिंमतरावांना चांगलाच धक्का बसला.

पण घरातल्या सगळ्यांच्या नजरा बायकांच्या रांगेकडे होत्या. कौशल्याबाई पदर सावरून उठल्या होत्या. त्या सावकाश पायऱ्या चढून वर आल्या आणि माइकपासून लांब, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“येवढी वर्सं एका शब्दानं बोलला न्हाईत,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुमचं मन उडालं खेळावरनं. गच्चीवर जाऊन बसायचात, मला वाटायचं टाकीचं पाणी बघताय.”

“तुझं म्हणणं खरं वाटायचं मला,” रंगराव म्हणाले. “आजूनबी वाटतंय.”

“खरंच हाय ते.”

“आई,” भाग्यश्री मध्ये बोलली, “त्याचा खांदा निखळला तेव्हा बाबा कात्रजला होते. नाक फुटलं तेव्हाही. घोटा मोडला तेव्हा तर स्वारगेटला.”

“ह्ये तिथं असते तर ते आनखी वाढलं असतं,” कौशल्याबाईंनी तिला तिथेच गप्प केलं. असल्या हिशेबानं हलणाऱ्या त्या नव्हत्या. पण नवऱ्याकडे बघता बघता त्यांचा आवाज उतरला. मायेनं बघतो म्हणून ज्याला बाहेर काढलं, तो माणूस इतकी वर्षं ती माया मुकाट्यानं बसमधून फिरवून आणत होता, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“दिष्ट लागती तर काढताबी येती,” त्या म्हणाल्या. “पोराची न्हाई, तुमचीच काढीन. डोळ्यांतली. मॅच सुरू व्हायच्या आधी. आन् मी शेजारी बसीन.”

समर्थनं पगडी काढून सोफ्यावर ठेवली आणि तिथेच खिशातून मोबाइल काढून क्लबाला फोन लावला. हिंमतराव क्षणभर हताश झाले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरलं. निवृत्त पुतण्यापेक्षा पुण्यातच खेळणारा पुतण्या फ्लेक्सवर केव्हाही बरा. त्यांनी घसा साफ केला आणि माइक घेतला.

“मंडळी, आजचा सेवापूर्ती समारंभ काही कारणास्तव पुढे ढकलण्यात येत आहे,” ते म्हणाले. “जेवण मात्र आत्ताच आहे.”

*

दिवाळी झाल्यावर बालेवाडीला पहिला सामना होता. फाटकावरच्या पोरानं कौशल्याबाईंच्या पर्समधली मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या बघून हे काय आहे म्हणून विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. आत नेता येणार नाही म्हटल्यावर त्या नवऱ्याला घेऊन गाड्या लावायच्या जागेत गेल्या, एका बदामाच्या झाडाखाली त्यांना उभं केलं आणि तिथेच दृष्ट काढली. रंगरावांनी डोळे मिटून घेतले होते. विस्तव मिळेना, तेव्हा कौशल्याबाईंनी ती पुडी रस्त्याच्या कडेला टाकली आणि मागे न बघता आत आल्या.

एवढ्या मोठ्या मैदानात माणसं मूठभरच होती. शिट्टी वाजली. रंगरावांनी गुडघ्यांवर हात घट्ट दाबून धरले आणि लेकाकडे बघायला सुरुवात केली.

थोड्याच वेळात समर्थच्या पायात आयता बॉल आला आणि त्यानं तो बाहेर मारला. रंगराव ताडकन उठले आणि पायऱ्यांकडे निघाले. कौशल्याबाईंनी त्यांचा सदरा मागून धरला. बसा म्हटलं ना, असं म्हणत त्यांनी त्यांना खाली ओढलं. नंतरही त्यांनी सदरा सोडला नाही.

मग रंगराव बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं की हे काही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. समर्थ मोकळ्या जागेत पळत जाई आणि बॉल येतच नसे. तो परत येई, पुन्हा निघे. हात वर करे, कुणाचं लक्ष नसे. त्याच्या निम्म्या वयाचा डिफेंडर त्याला ढकलून देई. तो गवत झटकत उठे आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारून पुन्हा धावू लागे. डोक्याजवळून एक बॉल गेला, तो बोटभर हुकला. पुढचा त्यानं बरोबर मारला, तो गोलकीपरनं अडवला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि परत तिसरीकडे निघाला. मोबाइलवर यातलं काहीच नसे. गोल तेवढे असत. कुणी हुकलेले पाठवत नव्हतं, आणि न मिळालेल्या बॉलमागचं पळणं तर कुणी टिपतही नव्हतं. सोळा वर्षं पोरगं असं पळत होतं, आणि आपण त्याचं नुसतं फळ बघत आलो. आपल्यासमोर तीनदा हुकला, ते आपल्यामुळे नव्हतं. तो हुकतच आला होता. गोव्यात, कोलकात्यात, सगळीकडे, आणि हुकल्यावर पुन्हा निघत आला होता.

“किती पळतो गं ह्यो,” ते बायकोला म्हणाले. “बॉल येत नसताना.”

कौशल्याबाईंची नजर मैदानावरच होती. त्या दर सामन्याला दिव्याकडे बघत बसत आलेल्या होत्या. त्याही हे पहिल्यांदाच बघत होत्या.

सामना संपायला थोडा वेळ असताना समर्थला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी विशीतला एक पोरगा आत गेला. गोलांचा फळा कोराच होता. समर्थ बर्फाची पिशवी गुडघ्याला धरून लंगडत कुंपणाजवळ आला आणि वर बघून ओशाळवाणं हसला.

“सॉरी, आप्पा,” तो म्हणाला. “तुम्ही आलात आणि आज नेमका गोल नाही झाला.”

रंगराव खालच्या पायरीपर्यंत उतरले आणि त्यांनी जाळीतून बोटं घालून लेकाचा ओला खांदा धरला.

“गोल मी समदे बघितल्यात,” ते म्हणाले. “ह्येच बघायचं राह्यलं व्हतं.”